नेरळ–माथेरान गाडी: शटलवर समाधान मानू नका

माथेरानला जाणारे बहुतेक जण टॅक्सीने गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यावर येतात, तिथल्या अमन लॉज स्टेशनवर शटल पकडतात आणि वीसेक मिनिटांत बाजारात उतरतात. सोय म्हणून ते ठीकच आहे. पण ही रेल्वे काय चीज आहे हे कळायला नेरळपासूनच बसायला हवं. मी नोकरीची सगळी वर्षं रस्त्यांचे नकाशे काढण्यात घालवली. त्यामुळे घाटात माझं लक्ष आधी रुळांकडे जातं, मग दरीकडे.

नेरळ स्टेशनवर थोडं आधी पोचा. एका बाजूला कर्जत लोकलचे १६७६ मिलिमीटर रुंदीचे रूळ आणि उंच फलाट, दुसऱ्या बाजूला ६१० मिलिमीटरचे, म्हणजे जेमतेम दोन फुटांचे रूळ आणि जमिनीलगतचा बुटका फलाट. लोकलमधून उतरून इकडे आलं की डब्याच्या पायरीवर पाय देऊन वर चढावं लागतं. रेल्वेच्या दोन टोकांच्या विचारांचं असं शेजारशेजारचं दर्शन महाराष्ट्रात फार कमी ठिकाणी होतं.

कल्याणहून नेरळमार्गे खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ मध्ये पोचली. माथेरान त्याआधीच, १८५० मध्ये, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याच्या नजरेत भरलं होतं. तरी पुढची पन्नास वर्षं वर जायचं तर घोडा, पालखी नाहीतर आपले पाय. मग मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतलं. १९०४ मध्ये सुरुवात झाली, मार्च १९०७ मध्ये गाडी वर पोचली, खर्च सुमारे १६ लाख रुपये. एका कुटुंबाने स्वतःच्या हिमतीवर अख्खा घाट बांधला याचं मला आजही अप्रूप वाटतं.

नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर, माथेरान सुमारे ८०० मीटरवर. ही चढण २० किलोमीटरमध्ये काढायची आणि तीही दात्यांच्या रुळाशिवाय, म्हणजे इंजिनाचं दातेरी चाक अडकवून वर चढायला मधे जादा रूळ न घालता. काही ठिकाणी चढ २० ला १ आहे, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्याच्या कामात असा चढ आला की आम्ही दोनदा विचार करायचो, इथे लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढतं! अरुंद रुळाला आखूड वळणं झेपतात, म्हणून डोंगर फोडत न बसता त्याच्या अंगाला बिलगून वाट नेता आली. सबंध मार्गावर बोगदा एकच, तो ‘वन किस टनेल’, आणि तोही चिमुकला. सुरुवातीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणामुळे गाडी मागेपुढे करत उंची गाठण्याचा खटाटोप वाचला.

खरी करामत मात्र इंजिनात होती. सल्लागार अभियंता एव्हरार्ड काल्थ्रॉप, म्हणजे बार्शीची अरुंद रुळांची ‘बार्शी लाइट’ रेल्वे उभारणारेच. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने चार कोळशाची इंजिनं बांधून दिली. त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या चाकांच्या आसावर पोकळ नळीसारखं आवरण होतं. आतला आस सरळ राही, बाहेरचं आवरण चाकांसकट वळणाप्रमाणे तिरकं होई. सहाही चाकांना जोर मिळे आणि तरी इंजिन वळणात अडकत नसे. आता डिझेल इंजिन ओढतं, पण वळणं तीच आहेत. एका वळणावर बायको एकदम म्हणाली, “अहो, बघा बघा, आपलंच इंजिन आपल्यासमोर आलंय!” आम्ही मागच्या डब्यात होतो. चाकांच्या कडा रुळाला घासून करकर वाजत होत्या आणि गाडीचं तोंड आम्हाला आडवं दिसत होतं.

वाटेतली स्टेशनं गावांसाठी बांधलेली नाहीत, ती गाडीच्या गरजेसाठी आहेत. जुम्मापट्टीला दुसरा रूळ आहे, तिथे चढती आणि उतरती गाडी एकमेकींना वाट देतात. वॉटर पाइपला कोळशाची इंजिनं पाणी भरत. म्हणून या स्टेशनांत भव्य कमानी शोधू नका. पुरेसा सपाट तुकडा, एक जादा रूळ, पाणी आणि डोक्यावर छप्पर, एवढाच त्यांचा आराखडा, आणि मला तो अगदी योग्य वाटतो. माथेरान स्टेशनही तसंच, उतरत्या छपराचं, गाडीच्या मापाचं, थेट बाजाररस्त्याला लागून. गावात मोटारी येऊ देत नाहीत, त्यामुळे फलाटावरून बाहेर पडलात की समोर लाल माती आणि घोडे.

या मार्गाला पावसाचा मार फार. २००५ च्या पुरात तो उखडला, २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ मध्ये परत वाहून गेला आणि नेरळहून गाडी सुटायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. दुरुस्तीत तारेच्या जाळीत दगड भरून भिंती उभ्या केल्या आहेत. खिडकीतून त्या जरूर पाहा. सिमेंटची सलग भिंत मागचं पाणी अडवते आणि त्याला वाट ठेवली नसेल तर त्याच दाबाने ढासळू शकते. या भिंती पाणी जाऊ देतात आणि माती धरून ठेवतात.

प्रवासाला अडीच-पावणेतीन तास लागतात. बाकं अरुंद, समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात. काचेच्या छताचा डबाही असतो, पण मी उघड्या खिडकीचा साधा डबाच घेईन, कारण रुळांचा आवाज आणि झाडीचा वास बंद काचेआड येत नाही. जागा मोजक्या असतात, तेव्हा तिकीटखिडकीवर लवकर उभे राहा. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते आणि वर फक्त शटल चालते, त्यामुळे बेत दिवाळीनंतरचा आखा. परतताना पाय चालत असतील तर माथेरान ते दस्तुरी रुळांच्या कडेच्या वाटेने चालत या. वळणात आतला रूळ आणि बाहेरचा रूळ यांच्या उंचीत किती फरक ठेवलाय, ते गाडीतून दिसत नाही, तिथे दिसतं.