नित्यवाचनाला कोणती पोथी लावावी? ज्ञानेश्वरी, दासबोध, गाथा की एकनाथी भागवत

चातुर्मास तोंडावर आला, निवृत्तीचा दिवस ठरला किंवा दुखण्यातून उठून बरं वाटू लागलं, की पुष्कळांच्या मनात येतं, आता रोज काहीतरी वाचावं. देव्हाऱ्याजवळ लाल कापडात बांधलेली ज्ञानेश्वरी असतेच. ती सोडली जाते, शुभ दिवस बघून सुरुवात होते आणि तीनचार आठवड्यांत परत बांधून ठेवली जाते. अशा वेळी आपली श्रद्धा कमी पडली असं वाटतं. बहुतेक वेळा हिशेब चुकलेला असतो, कधी ग्रंथच चुकीचा निवडलेला असतो.

आधी हिशेब. ज्ञानेश्वरीत 18 अध्याय आणि प्रचलित प्रतीत 9,033 ओव्या आहेत. रोज 25 ओव्या वाचल्या तर वर्षापेक्षा तीनचार दिवस कमी लागतात. दासबोधात 20 दशक, प्रत्येकात 10 समास, म्हणजे 200 समास. रोज एक समास धरला तर साडेसहा महिने. समास सरासरी चाळीसेक ओव्यांचा, मोठ्याने वाचायला पाचसहा मिनिटं आणि अर्थासकट पंधरा. एकनाथी भागवत भागवताच्या फक्त अकराव्या स्कंधावर आहे, तरी त्याचे 31 अध्याय अठरा हजार आठशेच्या आसपास ओव्यांचे होतात. रोज 25च्या गतीने दोन वर्षं. तुकोबांच्या गाथेत अभंग साडेचार हजारांच्या घरात, पण तिथे 'पूर्ण करणं' हा प्रश्नच फारसा उरत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

हे आकडे नित्यवाचनाचे आहेत, पारायणाचे नाहीत. सप्ताहात ज्ञानेश्वरी सात दिवसांत होते, म्हणजे रोज सुमारे 1,290 ओव्या आणि तीनेक तासांची बैठक. एकटा अठरावा अध्याय 1,810 ओव्यांचा आहे. पारायणाला सामुदायिक आवाजाचा जोर असतो, अर्थ मागे राहिला तरी चालतो. जगण्याला उपयोग व्हावा म्हणून वाचायचं असेल तर सुरुवात पारायणाने करू नका. आणि गुरुचरित्राच्या सप्ताहाचे सोवळ्याओवळ्याचे कडक नियम या चार ग्रंथांना लावून घाबरूनही जाऊ नका.

एकच प्रश्न चौघांना

चारही ग्रंथ 'भक्ती आणि ज्ञान' सांगतात, असं म्हटल्याने निवड होत नाही. त्यापेक्षा रोजचा एखादा प्रश्न घ्यावा आणि प्रत्येकाला विचारून पाहावा. उदाहरणार्थ, माझा कामधंदा आणि हातातला पैसा यांचं मी काय करू?

रामदासांचं उत्तर सरळ येतं. बाराव्या दशकाचा पहिलाच समास उघडा: 'आधीं प्रपंच करावा नेटका । मग घ्यावें परमार्थविवेका.' दोन ओव्यांनंतर तर ते बजावतातच, प्रपंच टाकून परमार्थ केला तर अन्न मिळणार नाही आणि अशा करंट्याला परमार्थ तरी कुठला? दासबोध हा असा आहे. वाट दाखवतो आणि तुम्ही चुकाल तिथे नाव ठेवतो. अकराव्या दशकात पहाटे उठून काही पाठांतर करावं इथपासून दिवसाची आखणी आहे. एकोणिसाव्याच्या सुरुवातीला अक्षर कसं लिहावं, लेखणी कशी असावी, शाई-कागद कसा, यावर अख्खा समास आहे. अध्यात्माच्या ग्रंथात एवढं कारकुनी बारकाव्याचं प्रकरण दुसरीकडे सापडणं कठीण.

तुकोबा तेच दोन ओळींत सांगतात: 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी.' इथे दोन शब्दांपाशी थांबावं लागतं. 'वेच' म्हणजे खर्च. 'उदास' म्हणजे खिन्न नव्हे, तर अलिप्त. आजच्या अर्थाने वाचलं तर तुकोबा पैसे रडत रडत खर्च करायला सांगतात असं होईल. पैसा मिळवू नका असंही ते म्हणत नाहीत. चांगल्या व्यवहाराने जोडा आणि खर्चताना त्यात अडकू नका, एवढंच. हे लिहिणाऱ्या माणसाने सावकारी बघितली होती आणि 1630च्या दुष्काळात बायकोला अन्नावाचून मरताना पाहिलं होतं, हे लक्षात ठेवून वाचलं की 'उदास' या शब्दाचं वजन कळतं.

एकनाथ, म्हणजे नाथ, गोष्ट सांगतात. तेविसाव्या अध्यायात अवंतीचा कृपण ब्राह्मण येतो. शेती-व्यापारात बख्खळ पैसा, पण स्वतःच्या पोटालाही न खाणारा. पैसा जातो, माणसं जातात, तो भिक्षू होतो, लोक त्याची टर उडवतात आणि तेव्हा त्याला कळतं की आपलं सुखदुःख लोकांमुळे किंवा ग्रहांमुळे नाही, मनामुळे आहे. धनापोटी येणाऱ्या पंधरा अनर्थांची यादीही त्याच अध्यायात आहे: चोरी, हिंसा, खोटेपणा, दंभ अशी सुरू होणारी. ही यादी वहीत उतरवून ठेवण्यासारखी आहे.

ज्ञानेश्वर पैशापर्यंत जवळजवळ येतच नाहीत, ते कामाची व्याख्याच बदलतात. अठराव्या अध्यायात: 'तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं.' आपलं रोजचं काम हेच फूल आणि ते वाहणं हीच पूजा. उद्या सकाळी ऑफिसात काय करायचं याचा तपशील इथे मिळत नाही. पण जे करायचं ते कशासाठी, याचं उत्तर इतक्या सुंदर रीतीने दुसरीकडे मिळत नाही.

सूचना हवी असेल तर दासबोध, सोबत हवी असेल तर गाथा, दृष्टांत आणि निवांतपणा हवा असेल तर नाथ, आणि पायाच तपासायचा असेल तर ज्ञानेश्वरी.

ज्ञानेश्वरी: कुठे अडतं आणि का

या ग्रंथावर जास्त थांबतो, कारण सर्वाधिक घरांत हाच असतो आणि सर्वाधिक अर्धवटही हाच राहतो.

पहिली अडचण भाषेची. ग्रंथ शके 1212चा, म्हणजे 1290चा, नेवाशाला सांगितलेला. नाथांनी शके 1506 मध्ये पाठ शुद्ध केला तरी मराठी सातशे वर्षांपूर्वीचीच. बाराव्या अध्यायातली ही ओवी पाहा:

जो खांडावया घावो घाली ।
कां लावणी जयानें केली ।
दोघां एकचि साउली ।
वृक्षु दे जैसा ॥

'खांडावया' म्हणजे तोडायला, 'लावणी' म्हणजे लागवड, 'कां' म्हणजे किंवा. तोडायला घाव घालणारा असो की लावणारा, झाड दोघांना सारखीच सावली देतं. तीन शब्द कळले की ओवी उघडते आणि मग विसरता येत नाही. पण हे तीन शब्द कुणीतरी सांगावे लागतात. म्हणून नुसती मूळ प्रत घेऊ नका, सार्थ प्रत घ्या. तीही ओवीच्या लगेच खाली अर्थ देणारी. अध्यायाच्या शेवटी सलग अर्थ देणाऱ्या प्रतीत डोळा सरळ गद्यावर जातो, ओव्या सुटतात आणि महिन्याभरात वाचन कोरडं होतं. सोनोपंत दांडेकरांची सार्थ प्रत या कामाला पुरेशी आहे. ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका आहे, म्हणून जवळ गीताई, विनोबांचा गीतेचा मराठी अनुवाद, ठेवा. ज्या श्लोकावरच्या ओव्या वाचायच्या तो श्लोक आधी गीताईत वाचला की ज्ञानेश्वर कशाचा विस्तार करताहेत हे समजतं.

दुसरी अडचण सहाव्या अध्यायात येते. 497 ओव्यांचा हा अध्याय आसन, मूळबंध आणि जालंधर हे योगातले बंध आणि पुढे कुंडलिनीच्या जागृतीचं थरारक वर्णन करतो. वाचक दोन प्रकारे चुकतात. एक तर 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून ग्रंथ मिटतात, नाहीतर पुस्तकात बघून बंध लावायला जातात. दुसरं तर मुळीच करू नये. तो नाथपंथाचा, गुरूकडूनच शिकायचा भाग आहे. काव्य म्हणून वाचावा आणि पुढे जावं. तिसरी खिंड तेरावा अध्याय. तिथे ज्ञानाची लक्षणं येतात आणि एकट्या अहिंसेवर शंभरावर ओव्या आहेत. घाईत असलेल्याला हा पसारा वाटतो. रोज 25च्या गतीने जाणाऱ्याला मात्र चारपाच दिवस फक्त अहिंसेसोबत राहायला मिळतं, आणि पाय जमिनीवर कसा ठेवावा इथपर्यंत ती उतरते.

म्हणून नवख्याने पहिल्या अध्यायापासून सुरुवात करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. परंपरेला हे रुचणार नाही, पण आधी बारावा (247 ओव्या), मग नववा (535), मग पंधरावा (599) घ्यावा. 25च्या हिशेबाने छप्पन्न दिवस होतात. तोवर भाषा अंगवळणी पडते आणि मग 'ॐ नमो जी आद्या' पासून सरळ निघता येतं.

दासबोध आणि गाथा: वाचताना होणाऱ्या चुका

दासबोधाची भाषा सोपी, म्हणून सार्थ प्रत नसली तरी निभावतं. चूक दुसरीच होते. दुसऱ्या दशकातली मूर्खलक्षणं वाचताना भाऊजी, साहेब, शेजारी असे चेहरे डोळ्यांसमोर येऊ लागतात. 'दोघे बोलत असती जेथें । तिसरा जाऊन बैसे तेथें । डोई खाजवी दोहीं हातें । तो येक मूर्ख' हे वाचून हसू येणारच, रामदासांनाही ते अपेक्षित असावं. पण याच दशकाचा दहावा समास पढतमूर्खाचा आहे, आणि ग्रंथ वाचणारा सगळ्यात आधी त्यातच सापडतो. उपाय साधा आहे. समास झाला की आपल्याला लागू पडणाऱ्या ओवीला पेन्सिलीने खूण करून ठेवावी. रोज एकच.

आठव्या दशकापासून माया, पंचमहाभूतं, सृष्टीची उभारणी असा वेदान्त सुरू होतो आणि पुढे तो अनेकदा फिरून येतो. कंटाळा आला तर मध्ये बारावं दशक घ्यावं. तिसऱ्या दशकातलं संसाराचं वर्णन पुरुषाच्या नजरेतून आहे, स्त्रियांना ते खटकतं आणि खटकावं असंच आहे. सतराव्या शतकातल्या समाजरचनेचे उल्लेखही आहेत. ते आजचे नियम म्हणून घेण्याचं कारण नाही. गुरूच्या शोधात असाल तर मात्र पाचवं दशक कुणाच्याही पाया पडण्याआधी वाचा. करामती दाखवणारा आणि सद्गुरू यांत रामदास तिथे नेमका फरक करतात.

गाथेला क्रम नाही. अभंग प्रसंगाने झालेले, नंतर एकत्र केलेले. त्यामुळे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जायचा हट्ट निरर्थक ठरतो आणि वेळापत्रक बिघडलेल्या माणसाला हाच ग्रंथ सोयीचा पडतो. रात्रपाळी, लहान मूल, घरातलं आजारपण असेल तर रोज चार अभंग, कुठूनही. आवृत्त्यांत अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत, म्हणून क्रमांकाऐवजी पहिला चरण टिपून ठेवावा. वाचणाऱ्यांना धोका सुभाषितं वेचण्याचा. 'मन करा रे प्रसन्न' सगळे घेतात, पण देवाशी भांडणारे, स्वतःला फाडून खाणारे अभंग गाळले तर हाती येतात ते फक्त शुभेच्छापत्राचे तुकोबा.

एकनाथी भागवत पहिलं घेऊ नये, केवळ लांबीमुळे. नाथांनी ते पैठणला सुरू करून 1573 मध्ये काशीत पूर्ण केलं, भाषाही ज्ञानेश्वरीपेक्षा मोकळी. ओढ वाटली तर सातवा ते नववा अध्याय, अवधूताचे चोवीस गुरू, तेवढेच आधी वाचा. मांसाचा तुकडा चोचीत धरला म्हणून इतर पक्ष्यांनी टोचलेला आणि तो टाकताच सुटलेला कुरर पक्षी तिथेच भेटतो.

तरीही ठरत नसेल तर

तीस दिवस काढा. पहिले दहा दिवस ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय, रोज 25 ओव्या. पुढचे दहा दिवस दासबोधाचं दुसरं दशक, रोज एक समास. शेवटचे दहा दिवस गाथेतले रोज चार अभंग. वेळ एकच ठेवा, वाचन मोठ्याने करा. मनात वाचलं की ओवीचा ठेका जातो आणि शब्द सुटले तरी कळत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. 25च्या 50 आणि 50च्या 75 झाल्या की चौथ्या दिवशी पोथी उघडलीच जात नाही. राहिलं तिथून नेहमीएवढंच पुढे चालू करा, वर्ष चारआठ दिवसांनी लांबलं तर लांबू द्या.