काचेच्या दाराला आडोसा: दुधी फिल्म, रेघांची काच, पडदा की चिक?

सांगलीत गावभागातल्या आमच्या घराचं पुढचं लाकडी दार 2019 च्या महापुरात भिजून फुगलं, ते पुन्हा नीट लागलंच नाही. शेवटी त्या जागी ॲल्युमिनियमच्या चौकटीत काचेचं दार आलं. पुढच्या खोलीत भर दिवसा दिवा लावावा लागायचा, तो लागेनासा झाला. पण गल्ली अरुंद. समोरच्या कट्ट्यावर बसलेल्या माणसाला आमच्या ताटात काय वाढलंय तेही दिसायला लागलं. म्हणून आरशासारखी चमकणारी फिल्म लावून घेतली. “आतनं सगळं दिसतंय, बाहेरनं काय बी दिसणार नाही बघा वहिनी,” असं फिल्म लावणाऱ्यानं सांगितलं, आणि दुपारी बाहेर उभं राहून पाहिलं तर खरंच तसं होतं.

चार दिवसांनी संध्याकाळी दूध घेऊन घरी येत होते. आत ट्यूब लागलेली. सासूबाई लुगडं गुडघ्याच्या वर घेऊन पायाला तेल चोळत बसल्या होत्या आणि गल्लीतून त्या जशाच्या तशा दिसत होत्या. त्यांना स्वतःला काचेत फक्त आपली खोलीच दिसत होती, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या. मला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म काढली.

तेव्हापासून घरातल्या तीन दारांवर दुधी फिल्म, ब्लास्टिंगची काच, पडदे आणि चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा, असं सगळं वापरून झालं आहे. आता साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला, अजिंक्यताऱ्याच्या उतारालगत माझे दादा-वहिनी घर बांधताहेत. त्यांच्याकडेही तीन काचेची दारं आहेत: हॉलचं रस्त्याकडे, एक पश्चिमेच्या गच्चीवर उघडणारं आणि एक न्हाणीघराचं. वहिनीनं फोन करून विचारलं, “ताई, कुठल्या दाराला काय घेऊ?” तिच्यासाठी म्हणून लिहायला बसले. ज्यांचं दार अजून ठरायचं आहे त्यांनाही उपयोग होईल.

दुकानात नाही, रात्री आठला रस्त्यावर

काचेचा, जाळीच्या पडद्याचा आणि चिकाचा नियम एकच आहे. ज्या बाजूला अंधार, तिथून उजेडाकडचं दिसतं. दुपारी बाहेर ऊन आणि आत सावली असते, म्हणून आरशाची फिल्म काम करते. रात्री आत दिवा लागला की सगळं उलटं होतं. दुकानात आपण जातो दिवसा, नमुना हातात घेऊन बघतो दिवसा, आणि आडोसा लागतो मुख्यतः रात्री. काहीही विकत घेण्याआधी एक दिवस रात्री आठला घरातले सगळे दिवे लावा. एकाला आत उभं करा, मग बसवा, आणि तुम्ही बाहेर जाऊन बघा. रस्त्यावरून बघा, समोरच्यांच्या जिन्यावरून बघा, जमलं तर त्यांना विचारून त्यांच्या गच्चीवरूनही बघा.

बघणारा कुठून बघतो यावर निम्मा खर्च ठरतो. आमच्या घराचं जोतं रस्त्यापासून 2 फूट उंच आहे. रस्त्यावरच्या माणसाचे डोळे 5 फुटांवर धरले तर आमच्या फरशीपासून ते 3 फुटांवर येतात, म्हणजे तो खालून वर बघतो. दारापासून 12 फुटांवर तो उभा असेल आणि काच खालून साडेचार फुटांपर्यंत दुधी केलेली असेल, तर त्याची नजर काठावरून वर चढत जाते आणि खोलीत 8 फूट आत साडेपाच फुटांच्या उंचीवरून जाते. बसलेलं कुणीच दिसत नाही. उभं माणूसही जरा आत असेल तर दिसत नाही, दाराशी आलं तर मात्र डोकं दिसतं. वरची अडीच फूट काच मोकळी राहते. खोलीत खोलवर उजेड पोचतो तो दाराच्या या वरच्या भागातूनच, खालच्या भागातला दाराजवळच्या फरशीवर संपतो. म्हणून सपाट गल्लीतल्या, जोतं असलेल्या घराला अख्खं दार झाकायची गरज बहुतेक वेळा नसते.

साताऱ्यात हे चालणार नाही. तिथे उतारावर वरच्या अंगाची घरं खालच्या घरात डोकावतात. समोरचा माणूस आपल्या फरशीपेक्षा 15 फूट उंचावरून आणि 30 फूट लांबून बघत असेल, तर नेमक्या त्या मोकळ्या ठेवलेल्या अडीच फुटांतून त्याला आतल्या फरशीपर्यंत दिसतं. तिथे काच वरपर्यंत झाकावी लागते.

दुधी फिल्म

भाड्याच्या घराला किंवा आधीच बसलेल्या दाराला मी हीच सांगेन. आमच्या 7 बाय 3 च्या दाराला, म्हणजे 21 चौरस फुटांना, लावण्यासकट बाराशे रुपयांच्या आसपास गेले. उजेड पसरून, मऊ होऊन आत येतो. जमिनीवरचा उन्हाचा कडक चौकोन जातो आणि खोली सगळीकडे सारखी उजळते. थोडा उजेड कमी होतो, पण वाचायला त्रास होण्याइतका नाही. रात्रीही ती उलटत नाही.

लावताना घाई करू नका. काच आधी ब्लेडनं खरवडून स्वच्छ करायची, पंखा बंद ठेवायचा, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून काचेवर भरपूर फवारायचं, फिल्म पाण्यावर तरंगवत जागेवर आणायची आणि मग रबरी पट्टीनं मधून कडेकडे पाणी ओढून काढायचं. कडेला चौकटीपासून सुतभर जागा सोडायची, नाहीतर फिल्म रबरावर चढते आणि तिथूनच सुटायला लागते. पाण्याचे बारीक फुगे काही दिवसांत वाळून जातात. धुळीच्या कणाभोवतीचा फुगा कधीच जात नाही. आमच्या दाराच्या उजव्या कोपऱ्यात असे तीन ठिपके आहेत. त्या दिवशी वारा होता आणि मी खिडकी बंद केली नव्हती.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. दुधी फिल्म चेहरा लपवते, सावली नाही. माणूस काचेला खेटून उभा असेल आणि दिवा त्याच्या मागे असेल तर पूर्ण आकृती काचेवर उमटते. दुसरं, गडद रंगाची फिल्म साध्या, टफन (म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली) नसलेल्या काचेवर उन्हाच्या बाजूला लावू नका. फिल्म ऊन शोषते, काच मधे तापते, चौकटीत दडलेल्या कडा थंड राहतात आणि काच कडेपासून तडकू शकते. पांढऱ्या फिल्मला हा धोका पुष्कळ कमी. शिवाय साध्या शोभेच्या फिल्मनं काच मजबूत होते असं कुणी सांगितलं तर ते धरून चालू नका. घरात लहान मुलं असतील तर काचच टफन हवी. ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे बोथट बारीक तुकडे होतात.

काचच वेगळी घ्यायची तर

नवं दार बनत असेल तर फिल्मवर थांबू नका, काचेचाच विचार करा. ब्लास्टिंगची काच म्हणजे वाऱ्याच्या दाबानं बारीक कण मारून एक बाजू खरबरीत केलेली. ॲसिडनं केलेली दुधी काच दिसायला तशीच, पण हाताला मऊ. फरक कळतो तो सहा महिन्यांनी. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला ब्लास्टिंगची काच आहे आणि फोडणीच्या हातांचे ठसे त्या खरबरीत बाजूत असे मुरतात की दर रविवारी साबणाच्या पाण्यानं घासावं लागतं. स्वयंपाकघराला ॲसिडची घ्या, थोडी महाग पडली तरी.

ब्लास्टिंगची काच घेताना दुकानात एक करून बघा. खरबरीत बाजूवर पारदर्शक सेलोटेप चिकटवून बोटानं दाबा. टेपच्या पट्टीतून पलीकडचं स्पष्ट दिसायला लागेल, कारण टेपच्या डिंकानं काचेचे खड्डे भरले. पाणीही हेच करतं. न्हाणीघराच्या दाराची खरबरीत बाजू आत ठेवली तर अंघोळीचे शिंतोडे उडतील तिथे काच पारदर्शक होते. न्हाणीघरात गुळगुळीत बाजू आत, खरबरीत बाहेर. बसवणाऱ्याच्या लक्षात राहील असं समजू नका, त्या वेळी स्वतः उभ्या राहा.

रेघांची काच, जिला दुकानात फ्लुटेड म्हणतात, सध्या सगळ्यांना हवी असते. तिच्यातून उजेड जवळपास साध्या काचेइतकाच येतो, कारण ती उजेड अडवत नाही, उभ्या रेघांच्या भिंगातून फक्त वाकवते. लांबचं माणूस रंगाच्या पट्ट्यांसारखं दिसतं. पण काचेजवळ आलेलं माणूस बऱ्यापैकी ओळखू येतं, साडीचा रंग तर नक्कीच. हॉलला आणि देवघराला छान, झोपायच्या खोलीला आणि न्हाणीघराला नको. आपल्या जुन्या संडास-न्हाणीच्या खिडक्यांची बजरी काच दिसायला साधी, पण आडोसा रेघांच्या काचेपेक्षा जास्त देते आणि स्वस्तही असते. या नक्षीच्या काचांच्या उठावाच्या बाजूला फिल्म चिकटत नाही. नंतर कधी लावावी लागलीच तर गुळगुळीत बाजूला लावावी लागेल.

आणि टफन काच एकदा भट्टीतून बाहेर आली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. ब्लास्टिंग, कडी-कुलपाची भोकं, सगळं आधी. माप चुकलं की ती काच वाया.

कापड आणि चिक

पडद्याची खरी ताकद म्हणजे तो सरकवता येतो. एकाच दारावर दोन दांड्या घ्या: काचेकडे पांढरी जाळी, खोलीकडे जाड कापड. जाळी पांढरीच हवी. दिवसा बाहेरचं ऊन पांढऱ्या धाग्यांवर पडून चमकतं आणि बघणाऱ्याची नजर तिथेच अडते. गडद जाळीतून आतून बाहेरचं जास्त छान दिसतं, पण आडोसा कमी. दिवे लागले की जाळी आरशाच्या फिल्मसारखीच निकामी, तेव्हा जाड पडदा ओढायचा. म्हणजे रोज संध्याकाळी कुणीतरी आठवणीनं उठलं पाहिजे, आणि सासूबाईंसारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसावर ते सोडता येत नाही. म्हणूनच आम्ही पुढच्या दाराला पडद्यावर न थांबता फिल्म ठेवली. पडद्याचं कापड आम्ही इचलकरंजीहून आणलं, ताग्याच्या भावात स्वस्त पडलं.

पश्चिमेच्या दारासाठी मात्र चिकाला तोड नाही, आणि तोही दाराबाहेर. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं आणि पडदा तापून खोली तापते. बाहेरचा चिक ते काचेपर्यंत पोचूच देत नाही. एप्रिल-मे मधल्या सांगलीच्या दुपारी हा फरक दाराजवळ पाठ करून बसलं तरी कळतो. दक्षिणेच्या दाराला उलट हिशोब आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य इथे सुमारे 50 अंशांवर असतो, आणि छज्जा नसेल तर 7 फुटी दारातून ऊन जवळजवळ 6 फूट आत येतं. थंडीत ते हवंसं असतं, तिथे कायमची दुधी काच घालून ते घालवू नका. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या दाराला ऊन येतच नाही असंही नाही.

दारासमोर जागा असेल तर कुंड्यांतला बांबू किंवा तारेवर चढवलेली मधुमालती हा एकच आडोसा असा की जो रात्रीही उलटत नाही आणि हवाही अडवत नाही. वेल भरायला मात्र वर्ष-दीड वर्ष द्यावं लागतं. बटण दाबल्यावर दुधी होणारी फिल्मही मिळते. वीज असताना ती पारदर्शक आणि वीज गेली की दुधी असते, त्यामुळे लाइट गेली तरी आडोसा राहतो. पण घरच्या दारासाठी तिची किंमत मला पटली नाही.

दिवा हलवा

यात एक रुपयाची काच लागत नाही. न्हाणीघरात बल्ब बहुतेक दाराच्या समोरच्या भिंतीवर असतो. अंघोळ करणारं माणूस बल्ब आणि दाराच्या मधे येतं आणि त्याची सावली दुधी काचेवर पडते. तोच बल्ब दाराच्या वरच्या भिंतीवर घेतला की सावली आतल्या भिंतीवर पडते आणि काच नुसती पांढरी उजळलेली दिसते. आम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावून एका दुपारीत तो बदल केला. पुढच्या खोलीतली ट्यूबही आता दाराच्या वर आहे.

वहिनीला मी एवढं सांगितलं आहे: हॉलला टफन रेघांची काच वरपर्यंत, आणि आतून एक जाड पडदा. गच्चीच्या दाराला पारदर्शक काच आणि बाहेर चिक, किल्ला आणि सूर्यास्त तिला सोडायचा नाही आणि सोडूही नये. न्हाणीघराला ॲसिडची दुधी, गुळगुळीत बाजू आत, बल्ब दारावर. हॉलच्या बाबतीत अजून माझा जीव थोडा अडकला आहे, कारण वरच्या अंगाच्या घरातून रेघांच्या काचेतून किती कळेल ते इथे बसून सांगता येत नाही. काचवाल्याकडून फूटभर नमुना मागून आणला आहे. शनिवारी मी साताऱ्याला जातेय. रात्री आठला दादा चौकटीत बल्ब लावून, तो नमुना तोंडासमोर धरून उभा राहील, आणि मी नि वहिनी वरच्या काकूंच्या गच्चीवरून बघणार आहोत. काचेची ऑर्डर सोमवारी.