बाणगंगा, खासगी दवाखाना की १४४१६ हेल्पलाइन: आधी कुठे जायचं?

आमच्या लहानपणी इंदुरात कुणी जरा विचित्र वागलं की मोठी माणसं म्हणायची, "याला बाणगंगेला टाका." मानसिक चिकित्सालय तिथे आहे, एवढंच कारण. परवा मावशीचा फोन आला. नातू भंवरकुआँला पीएससीची तयारी करतो. दोन महिने त्याला धड झोप नाही, जेवण नाही, मित्रांचे फोन उचलत नाही. "कुणाला तरी दाखवायचंय रे. पण बाणगंगा नको हं."

कुठे न्यायचं त्याआधी कुणाकडे न्यायचं ते बघू. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा डॉक्टर असतो. तो तपासण्या करतो, औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतो, औषध लिहीत नाही. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि ती विचारायला लाजू नये. तिसरी पाटी 'काउन्सेलर'ची. तिच्यामागे उत्तम शिक्षण असू शकतं, नाहीतर आठवड्याभराचा कोर्सही.

माझं मत सरळ आहे. झोप, भूक, वजन, कामातलं लक्ष बिघडून दोन आठवडे उलटले असतील तर आधी सायकियाट्रिस्ट. थायरॉईड किंवा बी-१२ची गडबडही उदासीसारखीच दिसते आणि ती रक्ताच्या तपासणीतच कळते. शिवाय मागे कधी चार-सहा दिवस न झोपता भरमसाट उत्साह, वारेमाप खर्च असं झालं असेल, तर ते डॉक्टरला आवर्जून सांगावं. अशा माणसाला नुसतं उदासीचं औषध दिलं तर उलटू शकतं. याउलट शरीर ठीक आहे, पण एखादी गाठ सुटत नाही (परीक्षेची धास्ती, तुटलेलं नातं, घरातली धुसफूस) तर आधी सायकॉलॉजिस्ट. पुष्कळांना पुढे दोन्ही लागतात.

खर्चाचा हिशेब लोक उलटा करतात. सायकियाट्रिस्टची फी जास्त वाटते, पण स्थिरावल्यावर भेट महिन्या-दोन महिन्यांनी. सायकॉलॉजिस्टकडे बहुधा दर आठवड्याला जावं लागतं आणि सीबीटीसारखी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी) पद्धत साधारण बारा ते वीस बैठका घेते. हजार रुपये बैठक धरली तरी आकडा कुठे जातो बघा. विम्याचं म्हणाल तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीनं विमा द्यायला लावलं आहे. पण भरती न होता नुसतं दाखवून येण्याचा खर्च बऱ्याच पॉलिसींत कुठल्याच आजाराला मिळत नाही. पॉलिसी वाचून घ्यावी.

आता सरकारी की खासगी. सरकारीत गर्दी, बाकडं, नाममात्र पैशांची पर्ची, आणि उपलब्ध असली तर फुकट औषधं. खासगीत वेळ ठरवून जाता येतं, ओळखीचं कुणी दिसण्याची भीती कमी. खासगीत डॉक्टर जास्त वेळ देतो, हा मात्र आपला समज. आई गेल्यावर बाबांना मी आधी एका खासगी दवाखान्यात नेलं होतं. सात मिनिटांत, मान वर न करता चिठ्ठी. मग नाइलाजानं एका सरकारी ओपीडीत. तिथे शिकणाऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पाऊण तास बसून अथपासून सगळं विचारलं. शिकाऊ डॉक्टरांना सविस्तर हकीकत लिहून मोठ्या डॉक्टरांपुढे मांडावी लागते, त्याचा फायदा पेशंटला होतो.

त्या पाऊण तासात आणखी एक गोष्ट कळली. बाबांनी आयुष्यभर बँकेत हिंदीत काम केलं, पण डॉक्टरपुढे त्यांना 'घबराहट होती है' याच्यापुढे शब्द सुचेना. त्या बाई म्हणाल्या, मराठीत बोला, हे समजावतील. मग आलं: "जीव रमत नाही. उगाच भरून येतं. घर खायला उठतं." मी हिंदीत सांगत गेलो आणि माझाच गळा दाटला. म्हणून बोलण्याचे उपचार घ्यायचे असतील तर इंदुरात मराठी बोलणारं कुणी आहे का ते आधी शोधावं. नसेल तर पुण्या-मुंबईचं कुणीतरी व्हिडिओवर चालेल. औषधांना हे तितकं लागू नाही, आणि काही गोळ्या तर व्हिडिओवर लिहूनही देता येत नाहीत.

गोळ्यांवरून आठवलं. आपल्याकडे सगळ्यांनाच 'नींद की गोली' म्हणतात. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराहटीच्या काही गोळ्यांची, म्हणून त्या डॉक्टर मोजून देतो. उदासीची औषधं वेगळी. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा होऊ शकतो आणि नेमक्या तिथेच लोक गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने घ्यावी लागते, आणि थांबवायची ती डॉक्टरला विचारून, हळूहळू.

टेलिमानस, म्हणजे १४४१६, हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी फोन १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाला. चोवीस तास, फुकट, मराठीसह वीस भाषांत. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडल्यास तज्ज्ञांकडे जोडून देतात. ज्याला घरात सांगता येत नाही, ज्याला रात्री दोनला जड होतं, त्याच्यासाठी हे उत्तम. महिनोन्महिने चालणारा उपचार मात्र फोनवर होत नाही. आणखी एक, हा फोन घरच्यांनीही करावा. नातू तयार नसेल तर मावशीनं.

मरणाची भाषा निघाली तर मात्र तुलना बंद. स्पष्ट विचारावं, विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. माणसाला एकटं सोडू नये. एमवाय (इंदूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळचं जे मोठं हॉस्पिटल असेल त्याच्या इमर्जन्सीत न्यावं. पोलिसांच्या भीतीनं कुणी घरी थांबू नये. २०१७च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूसही तीव्र ताणाखाली आहे असंच धरलं जातं.

राहता राहिली बाणगंगा. तिथे दाखवायला जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. आवाज ऐकू येतात, अन्नपाणी बंद आहे, अंगावर धावून जातो, अशा वेळी तर तिथले अनुभवी हातच लागतात. आणि कुणाला उचलून 'टाकणं' आता कायद्यानं जमत नाही. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध ठेवायचं तर कारणं, तपासणी आणि मुदत यांची बंधनं आहेत.

मावशीनं आधी स्वतः १४४१६ लावला. नातू शेजारच्या खोलीतून ऐकत होता म्हणे. काल परत तिचा फोन: "सोमवारी सरकारी ओपीडीतच जातोय. तिथे कुणी मराठी ओळखीचं भेटलं तर काय सांगू रे?"

म्हटलं, "ते तिथे कशाला आलेत, ते विचार."