मुलांची एपिलेप्सी ओपीडी, पुणे: जाण्याआधी काय माहीत हवं

पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात आठवड्यातली एक सकाळ फक्त फिट येणाऱ्या मुलांसाठी राखलेली असते. बालमेंदूतज्ज्ञ, एपिलेप्सी नर्स, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) करणारा टेक्निशियन, आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेविका त्या दिवशी एकाच मजल्यावर भेटतात. जुन्नर किंवा बारामतीहून एसटीने येणाऱ्यांच्या तीन-चार खेपा वाचतात. सेवा मनापासून चांगली आहे, पण तयारीने गेलात तरच ती पदरात पडते. आणि दोन ठिकाणी ती कमी पडते, तेही सांगायलाच हवं.

सगळ्याचा कणा म्हणजे नर्स. ती आधी वजन घेते, कारण मुलांचा डोस किलोवर ठरतो. मूल वाढलं आणि डोस तोच राहिला की थांबलेल्या फिट परत येऊ शकतात. मग ती मोबाइलवरचा व्हिडिओ मागते. पांघरूण बाजूला, दिवा लावलेला, चेहरा आणि दोन्ही हातपाय दिसतील असा. मान कुठल्या बाजूला वळली, झटका आधी कुठल्या हातात आला, यावरून डॉक्टरांना फिट सुरू होते ती मेंदूतली जागा शोधायला मदत होते. झोपेतून उठताना तान्हं बाळ पुन्हा पुन्हा पुढे झुकत असेल, हात फेकत असेल, तर त्याला इथे रांगेत बसवत नाहीत, लगेच आत घेतात. हे अगदी योग्य आहे. घरी अशा झटक्यांना पोटदुखी किंवा दचकणं समजून आठवडे जातात आणि तेवढ्यात बाळाचा विकास मागे पडतो.

ईईजी फसतो तो अनेकदा तेलामुळे आणि झोपेमुळे. आदल्या रात्री केस शाम्पूने धुवा, सकाळी तेलाचं बोटही नको. तेलकट डोक्यावर इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत. जागरणाचा ईईजी (रात्री कमी झोपवून, मशीनसमोर झोप लागावी म्हणून करायचा) असेल तर मूल प्रवासात झोपता कामा नये. पहाटेच्या गाडीत खिडकीशी टेकून तासभर डुलकी झाली की मशीनसमोर झोप येत नाही आणि तपासणी परत करावी लागते. पण ठरलेलं फिटचं औषध मात्र सांगितल्याशिवाय चुकवायचं नाही.

या ओपीडीचं सर्वांत मोलाचं काम म्हणजे घरी न्यायचा मराठी कागद: फिट आली तर काय करायचं. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटं झाली की नाकात फवारायचा मिडाझोलाम स्प्रे, म्हणजे चालू फिट थांबवायचं औषध. नर्स तो हातात देऊन सराव करून घेते: नवी बाटली आधी हवेत दाबायची, धुकं नीट येऊ लागलं की निम्मे फवारे एका नाकपुडीत, निम्मे दुसऱ्या. बाजारात एका फवाऱ्याला ०.५ मिलिग्रॅम आणि १.२५ मिलिग्रॅम अशा दोन्ही बाटल्या मिळतात. किलोला ०.२ मिलिग्रॅम धरलं तर २० किलोच्या मुलाला ४ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ०.५ च्या बाटलीचे ८ फवारे. बाटली बदलली आणि आकडा तोच ठेवला की डोस अडीचपट होतो. म्हणून कागदावर मिलिग्रॅम, बाटली आणि फवारे, तिन्ही लिहून घ्या. आकडा डॉक्टरांचाच हवा.

दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट थांबल्या नाहीत, तर टीम शस्त्रक्रियेचा आणि किटोजेनिक आहाराचा (भरपूर स्निग्ध, अगदी कमी कर्बोदकं) विचार करते. तेव्हा एमआरआयचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडी लागते. मेंदूच्या घडीतला बारीक दोष पहिल्या वाचनात निसटू शकतो. आहारात ४:१ म्हणजे ४ ग्रॅम स्निग्धाला प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम. भाकरी आणि वरणभात जातो. तूप, लोणी, पनीर, खोबरं येतं आणि स्वयंपाकघरात ग्रॅमचा वजनकाटा येतो. आजीने मायेने दिलेलं एक बिस्किटही किटोन (चरबी जळताना शरीरात तयार होणारे पदार्थ, त्यांच्यावरच हा आहार चालतो) खाली आणू शकतं. गोड सिरपमधली साखरसुद्धा मोजावी लागते, म्हणून आहारतज्ज्ञ औषधांची यादी आधी बघते. निदान ३ महिने केल्याशिवाय निकाल लावत नाहीत. व्हिडिओ बघून घरच्या घरी सुरू करू नका: काही चयापचयाच्या आजारांत हा आहार घातक ठरतो, त्यासाठी आधी रक्त तपासतात.

आता उणिवा. मानसशास्त्रज्ञांना एका मुलामागे जेमतेम दहा मिनिटं मिळतात; शिकण्याची चाचणी पुढच्या तारखेवर जाते आणि तिचा अहवाल डॉक्टरांच्या फाइलला लागत नाही. लेव्हेटिरासेटाम या फिटच्या औषधामुळे मूल चिडकं होऊ शकतं. घरचे ते मानसशास्त्रज्ञांना सांगतात, डॉक्टरांपर्यंत पोचत नाही, आणि औषध तसंच चालू राहतं. हे दोघांनाही स्वतः सांगा.

दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. ओपीडी संपली की फोन कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) जातो, तिथल्या डॉक्टरांसमोर मुलाचा कागद नसतो. औषध घेतल्यावर लगेच उलटी झाली, डोस परत द्यायचा का, एवढं विचारायलाही अर्धा तास लागतो. फाइलच्या पहिल्या पानाचा फोटो आई-बाबा दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, शाळेतही एक प्रत द्या.

खर्चाचं बोलणं भरतीआधी करा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. व्हिडिओ ईईजीसाठी (कॅमेरा आणि ईईजी एकत्र चालू ठेवून करायची तपासणी) दोन दिवस राहायचं असेल तर रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला समाजसेविकेकडे आधी द्या. बिल झाल्यावर धावपळ वाढते.

गणपतीच्या दहा दिवसांआधीची तारीख मिळाली तर जरूर घ्या. ढोलताशा आणि रात्रीची जागरणं सुरू झाली की झोप मोडते, डोस चुकतो आणि फिट येतात. नर्स त्या भेटीत झोपेच्या आणि औषधाच्या वेळा कागदावर आखून देते. गावी जाताना आठवडाभराचं जादा औषध आणि चिठ्ठी सोबत ठेवा. क्लोबाझामसारखं फिटचं औषध प्रत्येक दुकानात मिळतंच असं नाही.