३ एचपीचा सायक्लोन आणि माझे ७०,७५० रुपये

सायक्लोन डस्ट कलेक्टर, म्हणजे हवा गोल फिरवून वर्कशॉपमधली धूळ पिंपात पाडणारं मशीन, घ्यायच्या विचारात असाल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. दोन महिने मी घरातसुद्धा खरा आकडा सांगितला नव्हता.

स्वस्तात मिळतंय म्हणून भुललो असं कुणी म्हणू नये. ज्याच्याकडून मी मशीन घेतलं त्या विक्रेत्याचा भाव बाकीच्यांपेक्षा जास्तच होता. घरच्या वर्कशॉपमध्ये एमडीएफ (लाकडाचा बारीक चोथा दाबून केलेला बोर्ड) कापायला लागल्यापासून मला सकाळी खोकला यायचा. लाकडाची धूळ कॅन्सरला कारणीभूत ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलंय. डोळ्यांना दिसतो तो भुसा खाली बसतो. १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालची धूळ हवेत तरंगत राहते आणि छातीत जाते. मी छातीसाठी खर्च करत होतो.

मशीनचे ६२,५००. त्यातले ४०,००० आगाऊ, २२,५०० माल निघण्याआधी. मग ट्रान्सपोर्टचे ३,७५० आणि 'हेपा', म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचे वरचे ४,५००. सगळे यूपीआयने, एका व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात. पक्कं बिल 'मालासोबत येईल' म्हणाला. आलं नाही. बिल हातात पडल्याशिवाय दुसरा हप्ता सोडू नका, आणि धंद्याचं खातं नसेल तर पहिलाही नाही.

आता ज्या गोष्टीने अजून झोप उडते ती सांगतो. मोटरचा फोटो त्यानेच पाठवला होता. मी तो मोठा करून पाटी वाचली: ३ एचपी, २३० व्होल्ट, ६.५ अँपिअर. कागदावर गुणाकारही केला, १,४९५ वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे मोटरने काहीही वाया घालवलं नाही असं धरलं, जे कधीच होत नाही, तरी २ एचपीच्या वर ती जाऊ शकत नाही. मी विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तो नो-लोडचा करंट आहे, लोडवर वाढतो." नो-लोड म्हणजे मोटर रिकामी फिरताना. पाटीवर फुल लोडचाच करंट असतो, हे मला माहीत होतं. तरी इतकं अदबीने बोलणाऱ्या माणसाला तोंडावर खोटं पाडायचा संकोच वाटला आणि मी ४०,००० पाठवले. तो कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे.

त्याच फोटोत मशीनचं तोंड ४ इंची दिसत होतं, आणि दावा १,८०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला १,८०० घनफूट हवा. ४ इंची पाइपमधून तेवढी हवा जायची तर वेग ताशी ३७५ किलोमीटरच्या वर हवा! नेहमीच्या ४,००० फूट प्रतिमिनिट वेगाला ४ इंचात जेमतेम ३५० सीएफएम मिळतो, ६ इंचात ७८५ च्या आसपास. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा पाइप न जोडता मोजलेला असतो. फॅन कर्व्ह मागा, म्हणजे किती स्टॅटिक प्रेशरला (पाइप-फिल्टरच्या अडथळ्याला) किती हवा खेचतो त्याचा आलेख. देत नसेल तर फोन ठेवा.

माल आला. आतला पंखा ९ इंची निघाला. धूळ साठते त्या खालच्या पिंपाचं झाकण हवाबंद नव्हतं, आणि खालून हवा शिरली की सायक्लोन धूळ खाली टाकायच्या ऐवजी वर फिल्टरकडे ढकलतो. मी स्वतः गॅस्केट बसवलं, सिलिकॉन भरलं, फ्लेक्सिबल होज काढून सरळ पाइप टाकला. (होज हवेला फार अडवतो, लागेल तेवढाच वापरा.) तरी तासभर एमडीएफ कापल्यावर पिंपात दोन मुठी धूळ आणि फिल्टरच्या घड्या गच्च. फळीवर बोट फिरवलं तर रेघ उठली. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आणून मोजलं: २५० सीएफएम. व्हिडिओत त्याने रंध्याचा भुसा खेचून दाखवला होता. तो कुठलाही पंखा खेचतो. मैदा टाकून दाखवायला सांगा आणि नंतर फिल्टर उघडायला लावा.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस चौकीत म्हणाले, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे." मी सीएफएम समजावू लागलो तर समोरच्याने पेन खाली ठेवलं. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलात. हेल्पलाइनने बिल मागितलं. अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! तीन अर्ज, पाच फेऱ्या, दर वेळी नवा माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून गोष्ट. पाटीचा फोटो, मोजमापं, चॅट, सगळं जोडलंय. कुणी उघडून पाहिलेलं नाही. पैसे देणाऱ्यालाच गुन्हेगारासारखे प्रश्न विचारतात, आणि ज्याने घेतले त्याला एक फोन करायला कुणाला वेळ नाही.

चॅट डिलीट करू नका, त्याने केलं तरी तुमच्याकडे स्क्रीनशॉट हवेत. पेटी उघडतानाचा व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता.

काल त्याचं पान पुन्हा पाहिलं. तोच भुशाचा व्हिडिओ, तीच पाटी, खाली अकरा जण भाव विचारतायत. मी लिहिलेली कमेंट त्याने दहा मिनिटांत उडवली.