विंडोजचं टेस्ट पेज बघून लेझर प्रिंटर घेऊ नका

आमचा पावत्या छापणारा प्रोग्रॅम जुना आहे. तो ड्रायव्हरच्या (विंडोज आणि प्रिंटर यांच्यामधल्या सॉफ्टवेअरच्या) वाटेला जात नाही. फॉन्ट, अक्षरांची जाडी, रेघा, लोगो या सगळ्याच्या पीसीएल कमांड (पीसीएल म्हणजे पान कसं छापायचं हे प्रिंटरला सांगणारी एचपीची भाषा) थेट पोर्टवर सोडतो. म्हणून वापरलेला लेझर प्रिंटर घेताना विक्रेत्याला मी तीन वेळा विचारलं, "यात पीसीएल ५ आहे ना?" "आहे, बिनधास्त घ्या," तो म्हणाला. लॅपटॉप जोडून त्याने टेस्ट पेज काढलं, सुरेख आलं. कॉन्फिगरेशनचा छापील कागदही हातात ठेवला, त्यावर पीसीएल लिहिलेलं होतं. मी पैसे दिले.

पहिली पावती सोडली तर दिवा लुकलुकला आणि कागद काही बाहेर आला नाही. केबल बदलली, पोर्ट बदलला. चूक माझीच असणार असं धरून दोन रात्री एकेक कमांड तपासली. शेवटी फोन केला, तर म्हणाला, "फर्मवेअर टाकावं लागेल, त्याचे वेगळे पैसे." फर्मवेअर म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर. तेही पैसे दिले. फाइल आली, उघडली, तर तो साधा ड्रायव्हर निघाला. मग प्रिंटर उलटा करून सिरियल नंबर बघितला. कागदावरचा नंबर वेगळा होता. तो कागद दुसऱ्याच मशीनचा होता.

हे मला आधी कळायला हवं होतं. पीसीएल ५ मध्ये (१९९०, लेझरजेट ३) हव्या त्या आकाराचे फॉन्ट आणि एचपी-जीएल/२ ची (एचपीच्या रेघा-आकृत्या काढायच्या भाषेची) रेखाचित्रं आली. ती कमांड वाचून पान रचण्याचं काम प्रिंटरच्या आतला प्रोसेसर करतो. मला विकलेला प्रिंटर होस्ट-बेस्ड होता. त्यात पान कॉम्प्युटरच रचतो आणि तयार ठिपके पाठवतो, प्रिंटर ते फक्त कागदावर उतरवतो. त्यामुळे ड्रायव्हरमधून पान झकास येतं, पण एस्केप कमांडचा (कोड २७ ने सुरू होणाऱ्या पीसीएल कमांडचा) त्याला काही अर्थच लागत नाही. नुसत्या 'पीसीएल ६' या शब्दावरही जाऊ नका. त्यातली एक्सएल ही बायनरी भाषा आहे, एस्केप कमांड तिच्यात चालत नाहीत. पीसीएल ५ई किंवा ५सी (५ च्याच पुढच्या आवृत्त्या, ५सी रंगीत प्रिंटरसाठी) आहे का, असंच विचारा.

घेण्याआधी कॉम्प्युटरची केबल काढायला लावा आणि प्रिंटरच्याच बटणांवरून पीसीएल फॉन्टची यादी तुमच्यासमोर छापून घ्या. कॉन्फिगरेशनच्या पानावरचा सिरियल नंबर मशीनवरच्या नंबराशी जुळवा. बिलावर 'पीसीएल ५ई' असं लिहून घ्या. माझ्या बिलावर फक्त 'लेझर प्रिंटर, चालू स्थितीत' एवढंच होतं. त्याच ओळीवर बोट ठेवून त्याने पैसे परत द्यायला नकार दिला.

आता पेन ड्राइव्हमध्ये एक छोटी फाइल ठेवतो: सुरुवातीला रीसेट, म्हणजे कोड २७ आणि कॅपिटल ई. मग ठळक कुरियरची एक ओळ, तिच्याखाली ६०० ठिपके लांबीची भरीव रेघ, शेवटी पुन्हा रीसेट. ती ड्रायव्हरमधून न छापता कॉपी कमांडने बायनरी म्हणून पोर्टवर सोडायची. पुढचा प्रिंटर घेताना विक्रेत्यासमोरच ती सोडली. ठळक ओळ आली, खाली रेघ आली. पट्टी लावून मोजली. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) हिशोबाने हवी तेवढीच, २ इंच भरली.