कॅटसाठी आठवड्याचे बारा तास: सहा महिने वापरल्यानंतर

कॅट २०२४ ची, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीएच्या प्रवेश परीक्षेची, तयारी मी एप्रिलमध्ये सुरू केली. नोकरी सांभाळून आठवड्याला बारा तास निघत होते. पहिले सहा आठवडे ते सगळे शनिवार-रविवारी टाकले. रविवारी रात्री बराच पल्ला गाठल्यासारखं वाटायचं, पण पुढच्या शनिवारी वही उघडली की काळ-काम-वेगाची मीच सोडवलेली गणितं अनोळखी दिसायची. पहिला दीड तास मागचं आठवण्यातच जायचा.

मेच्या मध्यापासून तेच बारा तास पसरले. सोमवार ते शुक्रवार पहाटे ऐंशी मिनिटं, म्हणजे चाळीस-चाळीसच्या दोन बैठका. शनिवारी दोन तासांची मॉक, म्हणजे सराव परीक्षा, आणि दोन तास तिची चिरफाड. रविवारी पुन्हा ऐंशी मिनिटं. बैठक चाळीसचीच ठेवली, कारण परीक्षेत तिन्ही विभागांना चाळीसच मिनिटं मिळतात आणि एकात वाचलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही.

सगळ्यात जास्त फायदा डीआयएलआरला, म्हणजे आकडेवारी आणि तर्काच्या विभागाला, झाला. पूर्वी मोकळा शनिवार समोर असायचा, त्यामुळे एकाच सेटवर, म्हणजे एकाच माहितीवरच्या प्रश्नांच्या गटावर, तासभर अडून बसायचे. आता स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फोनचा टायमर लावून बसले की पहिली पाच मिनिटं सगळे सेट फक्त वाचायचे आणि कुठला सोडायचा ते ठरवायचं. गोल टेबलाभोवती आठ जणांना बसवायचा एक सेट होता. तो चौथ्या मिनिटाला सोडून दिला तेव्हा जीव कळवळला, पण त्या दिवशी उरलेले दोन पूर्ण सुटले.

शनिवारचे चिरफाडीचे दोन तास मात्र कुणीही कापू नयेत, असं मी कळकळीने सांगेन. चुकलेल्या प्रश्नांसाठी वहीत तीन रकाने होते: येत नव्हता, येत असून चुकला, हात लावायलाच नको होता. जुलैपर्यंत तिसरा रकाना सगळ्यात लांब असायचा. पर्याय असलेल्या प्रश्नाला बरोबरचे तीन गुण, चुकला की एक वजा. म्हणजे तीन चुका एक बरोबर उत्तर खातात. उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना वजा गुण नसतात, आणि तेच मी कोरे सोडत होते!

या पद्धतीत एक खोट आहे. नवीन धडा चाळीस मिनिटांत बसत नाही. लॉगॅरिदम तुकड्यातुकड्याने शिकायला गेले आणि पार गोंधळ उडाला. मग नवं सगळं रविवारी सलग ऐंशी मिनिटांत घ्यायला लागले. महिनाअखेरीला ऑफिसात हिशेब बंद करायचे असतात, तेव्हा दोन-तीन बैठका बुडायच्याच. सुरुवातीला त्या रविवारी भरून काढायचे आणि पुन्हा चार-चार तास बसायचे. ऑगस्टपासून बुडाली ती बुडाली असं ठरवलं. त्या महिन्यापासून डोकेदुखीही थांबली.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. माझी सवय पहाटेची, आणि हॉलतिकिटावर स्लॉट आला दुपारी साडेबाराचा. शेवटच्या दोन मॉक त्याच वेळी दिल्या, अकरालाच थोडं जेवून. २४ नोव्हेंबरला ६८ प्रश्न समोर आले तेव्हा दुपारची झापड नव्हती.

आता धाकटा भाऊ तयारीला लागलाय. त्याचं कॉलेज सकाळचं, म्हणून त्याच्या बैठका रात्री नऊला ठेवल्यात. गुरुवार आम्ही दोघांनी मिळून मोकळा सोडलाय.